आपत्तीनंतर मुलांच्या मनाची तपासणी बालरोगतज्ज्ञाने दवाखान्यात कशी करावी?

प्रश्न : वाशिष्ठीकाठचा बालवैद्य

सर्वांना नमस्कार. मी चिपळूणमध्ये गेली १८ वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझा दवाखानाही बुडाला होता, त्यामुळे या प्रश्नाकडे मी केवळ डॉक्टर म्हणून पाहू शकत नाही, हे आधीच सांगतो.

एक नऊ वर्षांचा मुलगा गेली तीन वर्षे दर पावसाळ्यात पोटदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे येतो. दुखणे बेंबीभोवती असते, रात्री झोपेतून उठवत नाही, वजन व उंची वयानुसार वाढत आहे, शौचातून रक्त नाही, ताप नाही, लघवीची तपासणी व सोनोग्राफी स्वच्छ आहे. जंतांचे औषध दोनदा देऊन झाले. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि हा मुलगाही मे महिन्यातच आला. मी पोट तपासत असताना त्याने मला विचारले, "डॉक्टर, तुमचा दवाखाना आता कितव्या मजल्यावर आहे?" पहिल्या मजल्यावर, असे मी सांगितले. "मग बरं," असे म्हणून त्याने पोट सैल सोडले. तोवर त्याने पोटाचे स्नायू किती ताणून धरले होते, ते माझ्या हाताला त्या क्षणी समजले.

पूर आला तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि घरच्यांसह रात्रभर पत्र्यावर बसून होता. पुराचा इशारा देणारा नगरपरिषदेचा भोंगा वाजला की तो अजूनही कानांवर हात ठेवतो, असे आईने मी विचारल्यावर सांगितले. तीन वर्षांत मी ते विचारले नव्हते, याची मला खंत वाटते.

माझा प्रश्न असा आहे. पावसाळ्यात दिवसाला साठ-सत्तर मुले तपासायची असतात आणि एका मुलाच्या वाट्याला पाच-सात मिनिटे येतात. तेवढ्यात अशी मुले ओळखायची कशी, ओळखल्यावर आपण स्वतः काय करायचे आणि पुढे केव्हा पाठवायचे? बालमानसोपचारतज्ज्ञ आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर आहेत आणि मजुरी बुडवून तेथे जाणे बहुतेक पालकांना परवडत नाही.

प्रतिसाद १ : कृष्णाकाठ, सांगली

डॉक्टरसाहेब, आपला अनुभव वाचताना मला आमचा २०१९ चा ऑगस्ट आठवला. मीही बालरोगतज्ज्ञ आहे. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, आणि लोक जरा सावरत होते तोच दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पाणी आले. आमच्याकडे पावसाळ्यात शाळकरी मुलेसुद्धा "आयर्विनला किती फूट झालं?" असे विचारतात. पहिल्यांदा मला त्याचे कौतुक वाटले होते. पुढे लक्षात आले की काही मुले दिवसातून दहा वेळा हेच विचारतात, आकडा समजल्याशिवाय जेवत नाहीत, आणि दप्तरात स्वतःच्या कपड्यांचा एक जोड भरून ठेवतात.

पालक आपल्याकडे "मुलाला ताण आहे" असे सांगत कधीच येत नाहीत. ते म्हणतात, "पोरानं धसका घेतलाय", "रात्री दचकतंय", "अंगाला लागत नाही", "परत अंथरूण ओलं करायला लागलंय", "एकटं संडासला जात नाही". दृष्ट काढून झालेली असते, गंडा बांधून झालेला असतो. मी त्यावर टीका करत नाही, कारण तो गंडा म्हणजे घरच्यांनीही बदल टिपला असल्याची खूण आहे आणि बोलणे तिथूनच सुरू करता येते. "धसका कधीपासून घेतला?" एवढे विचारले तरी आई पुराची रात्र सांगू लागते.

मी माझ्या केसपेपरवर एक ओळ कायमची छापून घेतली आहे : पुरात घरात पाणी आले होते का, त्या वेळी मूल कोणाजवळ होते, आणि पाऊस वाढला की आता ते काय करते? लसीची तारीख विचारावी तितक्या सहजपणे मी हे तीन प्रश्न विचारते. दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणी डोक्यावरून गेले तरी आईच्या कडेवर असलेले मूल पुष्कळदा सावरते. पाणी गुडघाभरच होते, पण आईबाप दोन दिवस दुसऱ्या काठाला अडकले होते, अशा मुलाकडे मी अधिक काळजीने पाहते. घरातील कोणाचा मृत्यू, स्वतःचा जीव धोक्यात असल्याची जाणीव, आईवडिलांपासून ताटातूट, आधीपासून असलेला मानसिक किंवा विकासाचा त्रास, आणि आईवडिलांची स्वतःची खचलेली अवस्था, यांपैकी काही असेल तर त्या मुलाला मी पंधरा दिवसांनी वजनाच्या निमित्ताने परत बोलावते. वजन हे निमित्त फार उपयोगी पडते, कारण त्यासाठी यायला कोणाला संकोच वाटत नाही.

आणि आईकडे पाहा. मुलाला तपासून झाल्यावर मी आईला विचारते, "तुम्हाला झोप लागते का?" या प्रश्नावर माझ्यासमोर जितक्या बायका रडल्या आहेत, तितक्या दुसऱ्या कशावरही रडल्या नसतील. आईची झोप सुधारली तर मुलाची निम्मी तक्रार कमी होते, हे मी अनुभवाने सांगते.

प्रतिसाद २ : बालमानसोपचार, पुणे

दोन्ही डॉक्टरांचे लेखन वाचले. मी बालमानसोपचारतज्ज्ञ आहे. आमच्याकडे पोचणारी मुले फार थोडी असतात. बाकीची सगळी तुमच्याच दारात येतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

काळाचे भान प्रथम ठेवावे. आपत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात दचकणे, चिकटून राहणे, झोप मोडणे, अंथरूण ओले करणे, खेळात पूर किंवा दरड पुन्हा पुन्हा आणणे या गोष्टी बहुसंख्य मुलांत दिसतात आणि आधार मिळाला तर बहुतेकांच्या ओसरतात. या काळात आजाराचे नाव देण्याची घाई करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारांची जी पुस्तिका काढली, तिचा गाभा पाहा, ऐका आणि जोडून द्या, एवढाच आहे. मुलाला सुरक्षित जागी न्यावे, आईबापांजवळ ठेवावे, ते बोलेल तेवढे ऐकावे, गरजेच्या मदतीशी जोडून द्यावे. सर्व मुलांना गोल बसवून "काय काय पाहिलंत ते सांगा" असे वदवून घेण्याचे कार्यक्रम मदतछावण्यांत मोठ्या उत्साहाने होतात. हेतू चांगला असतो, पण अशा एका बैठकीत सक्तीने मन मोकळे करायला लावण्याचा फायदा दिसून आलेला नाही आणि काहींना त्याने त्रासच होतो. ते टाळावे.

औषधांबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. पुरानंतर झोप न लागणाऱ्या मुलांना डायझेपाम, क्लोनाझेपाम किंवा तत्सम गुंगी आणणाऱ्या गोळ्या दिलेल्या मी पाहिल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना याविरुद्ध स्पष्ट आहेत : आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातील तीव्र ताणासाठी किंवा निद्रानाशासाठी ही औषधे मुलांना देऊ नयेत, आणि आघातोत्तर ताण-विकारासाठी (पीटीएसडी, म्हणजे आघाताचा त्रास महिन्यानंतरही टिकून राहणे) मुलांना व किशोरांना नैराश्यविरोधी औषधेही देऊ नयेत. उपचारांत पहिले स्थान आघातकेंद्रित बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीला, म्हणजे आघाताबद्दलचे विचार व वागणे बोलण्यातून हळूहळू बदलण्याच्या पद्धतीला आहे, आणि तिच्यात पालकांचा सहभाग असतो. अंथरूण ओले करण्याबाबत मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ नाहीत ना, हे पाहून झाले की खरा उपचार घरच्यांना समजावणे हा आहे. मारणे, लाजवणे, चादर अंगणात वाळत घालून चारचौघांत बोलणे, याने त्रास लांबतो.

महिना उलटल्यावरही तीच दृश्ये मनात किंवा स्वप्नात येत राहतात का, आठवण करून देणाऱ्या जागा व गोष्टी मूल टाळते का, ते सतत सावध, चिडके किंवा विझल्यासारखे आहे का, आणि या सगळ्यामुळे शाळा, खेळ, जेवण, झोप यांत अडथळा येतो का, हे पाहावे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत वेगळे निकष आहेत, कारण ती भीती शब्दांत सांगत नाहीत, खेळून दाखवतात. आठ वर्षांवरील मुलांसाठी क्राईज-८ ही आघातानंतरचा त्रास मोजणारी आठ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, जी आपली परिचारिकाही दहा मिनिटांत भरून घेऊ शकेल. १७ किंवा त्याहून अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करावी. तो आकडा म्हणजे निदान नव्हे, हे पालकांनाही सांगावे.

किशोरवयीन मुलांना काही मिनिटे तरी पालकांशिवाय भेटावे आणि "जगू नये असं कधी वाटतं का?" हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. आणखी एक गोष्ट अवघड असली तरी लिहितो. छावणीत किंवा नातेवाइकांकडे राहून आलेले मूल एकाएकी गप्प झाले, तर प्रत्येक वेळी कारण पूरच असेल असे गृहीत धरू नये. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे.

आपल्या रुग्णाबद्दल सांगायचे तर त्याचे दुखणे खरे आहे, हे त्याला आणि त्याच्या आईला पहिल्यांदा सांगा. "काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत," या वाक्याने मूल खोटे ठरते आणि पुन्हा कधी बोलत नाही. "भीती वाटली की पोट आवळलं जातं आणि खरोखर दुखतं," असे सांगून पोट सैल सोडत सावकाश श्वास घ्यायला आपण तपासणीच्या टेबलावरच शिकवू शकता. मग त्याला एक प्रश्न जरूर विचारा : "तुला काय वाटतं, तो पूर कशामुळे आला?" चार ते सात वर्षांच्या मुलांना जगातल्या गोष्टी आपल्यामुळेच घडतात असे वाटत असते, आणि त्या वयात बसलेली समजूत कोणी विचारले नाही तर वर्षानुवर्षे तशीच राहते.

प्रतिसाद ३ : एक शिक्षिका, औसा तालुका

मी डॉक्टर नाही, पण या चर्चेत लिहावेसे वाटले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे होती, ती झोपलेल्यांवरच पडली. जवळपास ८ हजार माणसे गेली.

डॉक्टर मंडळींना माझे एक सांगणे आहे. आम्हा मुलांच्या भीतीला तारीख नव्हती, तिथी होती. ३० सप्टेंबरला वर्तमानपत्रांत लेख येतात, पण आमच्या घरात अस्वस्थता सुरू व्हायची ती गणपती बसले की. माझा धाकटा चुलतभाऊ पुढे कित्येक वर्षे चतुर्दशीच्या रात्री अंगणात झोपायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला ताप यायचा. कोणत्याही डॉक्टरांनी त्या तापाचा गणपतीशी संबंध जोडला नाही. चिपळूणचा पूर आषाढी एकादशीनंतर दोन दिवसांनी आणि बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आला होता, असे मला आठवते. तेव्हा एखाद्या घरातील मूल ईदच्या सुमारास आजारी पडत असेल, तर डॉक्टरांनी मनात ती गाठ जरूर मारावी, कारण ईद दर वर्षी जुलैमध्ये येणार नाही.

याच चुलतभावाची आई त्या पहाटे गेली. तो चार वर्षांचा होता. त्याला आम्ही सांगितले, "आई गावाला गेली." एस.टी. आली की तो फाट्यावर पळत जायचा. कंडक्टर त्याला ओळखू लागला होता. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. लेकराला सांगायचे कसे, हेच कोणाला समजत नव्हते. पुढे एका परिचारिकाबाईंनी त्याला मांडीवर घेऊन सांगितले, "तुझी आई मरण पावली. तिचं शरीर आता काम करत नाही, म्हणून ती परत येऊ शकत नाही. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही." तो फार रडला. फाट्यावर जायचा मात्र थांबला. "झोपली", "देवाघरी गेली", "गावाला गेली" या शब्दांनी मोठ्यांची सुटका होते, मूल मात्र वाट पाहत राहते.

त्या वेळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातून सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, आणि त्यातून अनेकांची आयुष्ये उभी राहिली. पण मागे राहिलेल्या आम्हाला खरा आधार दिला तो पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा भरलेल्या शाळेने. घंटा झाली, हजेरी झाली, पाढे झाले, की दिवसाला आकार यायचा. २०२१ मध्ये करोनामुळे चिपळूणच्या मुलांच्या वर्गांना तेव्हा कुलूप होते. पूर गेल्यावर त्यांना परतायला शाळासुद्धा नव्हती, याचा विचार मुलांना तपासताना व्हावा, अशी माझी विनंती आहे.

प्रतिसाद ४ : फिरते पथक, रायगड

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात वैद्यकीय अधिकारी आहे. मूळ प्रश्नातील पुढे पाठवण्याच्या भागापुरते, म्हणजे कोठे पाठवायचे एवढेच लिहितो.

आमचे पथक अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शाळांना एकदा भेट देते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक बहुधा जिल्हा रुग्णालयात असते आणि ठरलेल्या दिवशी खाली येते. आपल्या उपजिल्हा रुग्णालयात तो दिवस कोणता, हे एकदा विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. ज्यांना जाणेच शक्य नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. माझा अनुभव असा की क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला तर पालक घरी जाऊन फोन करत नाहीत. आपल्या दवाखान्यातूनच पहिला फोन लावून दिला तर पुढचे फोन ते करतात.

आईवडील दोन्ही गमावलेल्या मुलाचा प्रश्न केवळ आरोग्याचा राहत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा वाडीतील काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, आणि घरची माणसे गेली. अशा वेळी कोणी दूरचा नातेवाईक येऊन मूल परस्पर घेऊन जाणे योग्य नाही. बालकल्याण समितीला कळवणे आवश्यक असते. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला तरी सुरुवात होते. अशा वाचलेल्या मुलाला "मीच का राहिलो?" हा प्रश्न छळतो. ते लगेच बोलणार नाही. त्याला दर भेटीला तोच डॉक्टर दिसला पाहिजे, एवढे आपण नक्कीच पाहू शकतो.

प्रश्नकर्ता : वाशिष्ठीकाठचा बालवैद्य

सर्वांचा मनापासून आभारी आहे. सांगलीच्या मॅडमचे तीन प्रश्न मी केसपेपरवर छापून घेतले आहेत आणि शिक्षिकाताईंच्या सूचनेप्रमाणे त्याखाली "सण/तिथी" असा एक रकाना घातला आहे.

तो मुलगा शनिवारी आला होता. मी त्याला मुद्दाम दुपारी, गर्दी संपल्यावर बोलावले. कागद आणि रंगीत खडू पुढे ठेवले. तो बराच वेळ काही न बोलता होड्या काढत राहिला. मग मी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला प्रश्न विचारला. त्याने आधी दाराकडे पाहिले, आई बाहेर आहे याची खात्री केली आणि अगदी हळू आवाजात सांगितले की पुराच्या आदल्या संध्याकाळी त्याने कागदाच्या पाच होड्या करून घरासमोरच्या गटारात सोडल्या होत्या. त्या पुढे जाऊन अडकल्या. नंतर मोठी माणसे म्हणत होती की गटारे तुंबली म्हणून पाणी शिरले.

चार वर्षे हे त्याच्या पोटात होते.

मी त्याला कागदावर सह्याद्रीचा घाट काढून दाखवला, वर पडलेला पाऊस दाखवला, वाशिष्ठी आणि शिवनदी शहरात कोठे येतात ते दाखवले, आणि शेवटी त्याच प्रमाणात एक होडी काढायला गेलो तर खडूचा ठिपकासुद्धा मोठा पडला. तो ठिपका त्याने बराच वेळ न्याहाळला. "एवढुशी?" असे विचारून त्याने मला तो पुन्हा काढायला लावला. त्यानंतर आईला आत बोलावून, त्याच्या परवानगीने, त्याच्याच तोंडून तिला सांगू दिले.

क्राईज-८ मध्ये त्याचे गुण २१ आले, म्हणून दवाखान्यातूनच १४४१६ ला फोन लावला आणि उपजिल्हा रुग्णालयातील पथकाचा पुढचा वारही ठरवून घेतला. भोंग्याबद्दल आईशी असे ठरले आहे की पावसाचा इशारा आला की तिने त्याला आधीच सांगायचे, आणि भोंगा वाजल्यावर दोघांनी मिळून काय करायचे, ते कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवायचे. पोट अजून दुखते. पुढची भेट मी २२ जुलैच्या आधी, १९ तारखेला ठेवली आहे. त्या दिवशी तो कसा आहे, ते येथे लिहीन. दरम्यान भोंग्याच्या आवाजाची सवय टप्प्याटप्प्याने करून देणे मी स्वतः सुरू करावे, की ते पथकातील तज्ज्ञांवरच सोडावे, याबाबत पुण्याच्या डॉक्टरांचे मत मिळाले तर बरे होईल.

प्रतिसाद ५ : बालमानसोपचार, पुणे

तज्ज्ञांची पहिली भेट होईपर्यंत थांबावे. आवाजाची सवय करण्याआधी शांत होण्याचे तंत्र त्याच्या अंगवळणी पडलेले असावे लागते, आणि भर पावसाळ्यात, भोंगा कोणत्याही क्षणी खरोखर वाजू शकत असताना, ते काम सुरू करणे योग्य नाही. तोवर श्वासाचा सराव रोज झोपताना, पाऊस असो वा नसो, आईबरोबर पाच मिनिटे चालू ठेवावा. त्या होड्यांचा कागद जपून ठेवा आणि तज्ज्ञांकडे जाताना त्याच्याच हातात द्या. तेथे पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचा भार त्याच्यावर पडणार नाही.